उतारवयांतील चढती कला

रॉक-संगीत हें तारुण्याचें संगीत होय, असें मत आमच्याकडेच नव्हे, तर त्या संगीताच्या मायदेशींही फार दिवसांपासून रूढ आहे. विशींतील आवेश ओसरला कीं त्यांतील प्राण गेला. मागें उरतो तो केवळ गोंगाट, असें पुष्कळांस वाटतें. ज्या घरांत मुलगा खोलीचें दार लावून गिटार छेडीत बसतो, त्या घरांतील वडील मंडळी 'वय वाढलें म्हणजे हें खूळ आपोआप जाईल' असें म्हणून स्वतःचें समाधान करून घेतात. आणि मौज अशी, कीं सत्तरीचा वादक रंगमंचावर दिसला म्हणजे खुद्द त्या मुलासही हसूं येतें. इतर बाबतींत बापलेकांचें कितीही न पटो, या एका बाबतींत मात्र दोघांचें एकमत असतें. हें एकमत चुकीचें आहे असें आम्हांस वाटतें. तें कां, हें जेफ बेक या इंग्रज गिटारवादकाच्या वादनावरून पाहण्याचा आमचा विचार आहे.

आरंभींच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. टिकणें निराळें आणि वाढणें निराळें. साठ वर्षांपूर्वींचीं गाणीं त्याच बेतानें, त्याच उड्या मारून वाजवीत राहणारे वादक आज कांहीं कमी नाहींत. त्यांच्या चिकाटीचें कौतुक अवश्य करावें, परंतु चिकाटी म्हणजे कला नव्हे. केवळ वय झालें म्हणून एखाद्यास हार घालणें हें, केवळ वय झालें म्हणून त्यास हंसण्याइतकेंच अविचाराचें आहे. आमचा प्रश्न अधिक कठीण आहे. जें तिशींत साधलें नव्हतें असें कांहीं साठींत साधलें काय? बेकच्या बाबतींत या प्रश्नाचें उत्तर निःसंशय होकारार्थी आहे.

बेकचा जन्म १९४४ सालच्या जूनमध्यें इंग्लंडमधील सरे परगण्यांतील वॉलिंग्टन या गांवीं झाला. १९६५ मध्यें एरिक क्लॅप्टननें 'यार्डबर्ड्‌स' हा संच सोडला, तेव्हां त्याच्या जागीं हा वीस वर्षांचा मुलगा आला. त्या वेळचा बेक कसा होता हें ज्यास पाहावयाचें असेल, त्यानें मायकेलांजेलो अँटोनिओनी याचा 'ब्लो-अप' हा १९६६ चा चित्रपट पाहावा. त्यांत एका प्रसंगीं बेकचा ध्वनिवर्धक कुरकुरूं लागतो, बेक संतापतो, हातांतील गिटार फोडतो आणि तिची मोडकी मान श्रोत्यांत भिरकावतो. त्या तुकड्यासाठीं झोंबाझोंबी होते. कथानायक तो घेऊन बाहेर पळतो आणि रस्त्यावर येतांच निरुपयोगी म्हणून टाकून देतो. प्रसंग दिग्दर्शकानें रचलेला आहे हें खरें. पण त्या काळच्या या संगीताविषयींचें एक मार्मिक भाष्य त्यांत आहे. आवेशाची किंमत त्या दालनापुरती असते. बाहेरच्या उजेडांत हातीं उरतें तें लांकूड.

आतां त्याच वादकाची दोन ध्वनिमुद्रणें शेजारीं ठेवून ऐकूं. १९७५ सालीं, बीटल्सचीं ध्वनिमुद्रणें ज्याच्या देखरेखीखालीं झालीं त्या जॉर्ज मार्टिनच्याच मार्गदर्शनानें, बेकनें 'ब्लो बाय ब्लो' हा संग्रह काढला. त्यांत गायन नाहीं, केवळ वादन आहे. तरी अमेरिकेच्या विक्रीच्या यादींत तो चौथ्या क्रमांकापर्यंत चढला. स्टीव्ही वंडर यानें रचलेली 'कॉज वुइव्ह एन्डेड अॅज लव्हर्स' ही विरहाची चीज त्याच संग्रहांतील. तीस वर्षांच्या बेकनें ती सुरेख वाजविली आहे. स्वर हळूच उमलतात, वाढतात आणि पुढें द्रुत तानांनीं भरून जातात. ऐकणारा म्हणतो, 'काय हात आहे!'

हीच चीज बेकनें नोव्हेंबर २००७ मध्यें लंडनच्या 'रॉनी स्कॉट्‌स' या जाझ-संगीताच्या लहानशा क्लबांत पुन्हा वाजविली. तेव्हां त्याचें वय ६३ होतें. या खेपेस ऐकणाऱ्याच्या मनांत हाताचा विचार येतच नाहीं. पहिला स्वर येतो तो कोणीतरी बोलण्याआधीं श्वास घ्यावा तसा. एका स्वरानंतर दुसरा येण्यापूर्वीं जी शांतता आहे, ती तिशींतल्या बेकला सोसली नसती. तेथें त्यानें चार स्वर भरले असते. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, कीं चीज ऐन रंगांत येत असतां तो बाजूस होतो आणि टॅल विल्कनफेल्ड या ऑस्ट्रेलियन मुलीस तिच्या बास-गिटारवर मोकळा अवकाश देतो. तिला तेव्हां एकवीस वर्षेंही पुरीं झालेलीं नव्हतीं. ती वाजवीत असतां त्याच्या मुखावर जो आनंद दिसतो, तो स्वतःच्या वादनानें कोणास क्वचितच होतो. १९६६ च्या त्या चित्रपटांतील तरुणास हें जमलें नसतें, आणि १९७५ च्या यशस्वी वादकासही जमलें असतें कीं नाहीं याची शंकाच आहे.

हा पालट कशानें झाला? वयानें आपोआप झाला असें म्हणणें म्हणजे आंब्याच्या गोडीचें श्रेय पंचांगास देणें होय. त्याचें कारण वाद्यावरच्या एका ठोस निर्णयांत आहे. विजेची गिटार बहुतेक वादक पिक नांवाच्या लहानशा नखीनें छेडतात. नखीनें वेग येतो आणि स्वरास टोकदार आरंभ मिळतो. परंतु प्रत्येक स्वराचा आरंभ थोडाबहुत सारखाच होतो. १९८० नंतरच्या दशकांत, चाळिशीच्या आसपास, बेकनें ही नखी टाकून दिली आणि तो उघड्या बोटांनीं वाजवूं लागला. ज्या वेगावर कीर्ति मिळाली, त्या वेगाचें साधन कीर्तीच्या भरांत असतांना खालीं ठेवणें हें लहान धाडस नव्हे.

मोबदल्यांत त्यास काय मिळालें तें पाहा. अंगठा तार छेडीत असे. करंगळी आवाज कमीजास्त करण्याच्या बटणावर फिरे. आणि घोडीला जोडलेली लहानशी दांडी उरलेल्या बोटांत खेळत असे. ही दांडी दाबली कीं सर्व तारा सैल होऊन स्वर उतरतो, सोडली कीं पुन्हा चढतो. इतर वादक तिचा उपयोग बहुधा चीत्कार काढण्यासाठीं करीत. बेक तिच्यानें मींड घेई. बटण बंद ठेवून तार छेडावी आणि मग तें हलकेच उघडावें, म्हणजे आघात नाहींसा होऊन स्वर मानवी कंठांतून निघाल्यासारखा निघतो. एकाच उजव्या हातानें हीं तीन कामें एका क्षणीं करावयाचीं आणि श्रोत्यास पत्ता लागूं द्यावयाचा नाहीं, याला वर्षें लागतात. आणि तीं वर्षें बेकनें दिलीं.

या साधनेचें पहिलें पक्व फळ १९८९ च्या 'गिटार शॉप' या संग्रहांतील 'व्हेअर वेअर यू' या चिजेंत दिसतें. तारेवर विशिष्ट जागीं बोट न दाबतां केवळ टेकवून ती छेडली असतां घंटेसारखा एक पोकळ, निर्मळ स्वर निघतो. असे स्वर तारेवर मोजकेच मिळतात. त्या मोजक्या स्वरांस दांडीनें खालींवर नेऊन बेकनें अखंड गीत उभें केलें आहे. बल्गेरियांतील स्त्रियांच्या समूहगायनानें तो त्या वेळीं भारावला होता, आणि तें ओळखूं येतें. दांडी केसभर अधिक दाबली गेली तर स्वर बेसूर होईल. म्हणजे येथें पडद्यांचा आधार नाहीं, सर्व भिस्त कानावर. स्नायूंचा वेग वयानें घटतो, पण कानाची पारख सांभाळली तर वाढत जाते. बेकनें आपली कला पहिल्यावरून उचलून दुसऱ्यावर ठेविली, हें या पालटाचें मर्म होय.

आमच्या वाचकांस विशेष जवळची वाटेल अशी चीज म्हणजे 'नादिया'. इंग्लंडमध्यें वाढलेले भारतीय वंशाचे संगीतकार नितिन साहनी यांची ही रचना १९९९ च्या 'बियाँड स्किन' या संग्रहांत स्वाती नाटेकर यांनीं गायिली आहे. २००१ मध्यें बेकनें ती गिटारवर घेतली. त्यास रागदारी अवगत होती, असा दावा आम्ही करीत नाहीं. त्यानें केलें तें एवढेंच, कीं गाणारीचा गळा जेथें वळतो तेथें आपला स्वर वळविला, जेथें कण लागतो तेथें कण लावला. छप्पन्न-सत्तावन्न वर्षांचा नामवंत वादक परक्या परंपरेंतील गायिकेच्या मागें शिष्यासारखा चालत आहे, हें दृश्य आम्हांस त्याच्या कोणत्याही पारितोषिकाहून मोठें वाटतें. १९९३ मध्यें त्यानें असेंच केलें होतें. जीन व्हिन्सेंट या जुन्या गायकाच्या साथीदाराचें, क्लिफ गॅलप याचें, गिटारवादन त्यानें पोरवयांत ऐकलें होतें. तें स्वरागणिक गिरवून त्यानें 'क्रेझी लेग्ज' हा सबंध संग्रह वाजविला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा धुळाक्षरें!

आतां उणिवांविषयीं. बेक मोठा रचनाकार नव्हता. वर उल्लेखिलेल्या चिजांपैकीं दोन इतरांच्या आहेत, आणि दुसऱ्याचें गीत हातीं नसलें म्हणजे त्याचें वादन कित्येकदां दिशाहीन होतें. शतकाच्या वळणावरच्या त्याच्या संग्रहांतील यांत्रिक ताल आज शिळे वाटतात. २०१० च्या 'इमोशन अँड कमोशन' मध्यें वाद्यवृंदाची साखर कोठें कोठें अधिक पडली आहे. त्यांतच पुच्चिनीच्या संगीतिकेंतील 'नेस्सुन दोर्मा' तो गिटारवर गातो, तेव्हां मात्र टीकाकाराची लेखणी थबकते. २०२२ मध्यें नट जॉनी डेप याच्यासह काढलेला '१८' हा शेवटचा संग्रह सामान्य आहे. चढ सरळ रेषेंत होत नाहीं, एवढाच याचा अर्थ.

बेक एकटाच असा आहे असेंही नव्हे. १९४६ सालीं जन्मलेल्या डेव्हिड गिलमोर यानें २०२४ मध्यें 'लक अँड स्ट्रेंज' हा संग्रह दिला. त्यांत त्याचा मूळचाच संथ स्वर अधिक सखोल झाला आहे. रॉकचें माहेर जें ब्लूज-संगीत, त्यांतील बडी गाय यानें २०२५ मध्यें आपल्या ८९ व्या वाढदिवशीं नवा संग्रह प्रसिद्ध केला. पण स्वतःचें मिळविलेलें मोडून पुन्हा घडविण्याचें उदाहरण म्हणून आम्ही बेकलाच पुढें करूं. आमच्याकडे अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज अतिश्रमानें बसला, तेव्हां उरलेल्या आवाजांतून त्यांनीं नवी गायकी उभी केली. खाँसाहेबांचें साधन दैवानें हिरावलें, बेकनें स्वतः होऊन टाकलें. पण पुढची तपश्चर्या एकाच जातीची आहे.

१० जानेवारी २०२३ रोजीं, ७८ व्या वर्षीं, मेंदूच्या आवरणास जंतुसंसर्ग होऊन बेक वारला. आदल्याच वर्षीं तो दौऱ्यावर वाजवीत होता. त्याचें वादन ऐकलें म्हणजे दार लावून गिटार छेडणाऱ्या त्या मुलास आणि दाराबाहेरच्या त्याच्या वडिलांस आम्हांस एकच गोष्ट सांगावीशी वाटते. मुलास ही, कीं वेग लवकर येतो, पण त्यास मुक्काम समजूं नये. आणि वडिलांस ही, कीं 'आतां या वयांत काय शिकावयाचें' असें म्हणून आपण जें खालीं ठेवतों, तें बहुधा शिकण्याची हौस असते. बेकनें खालीं ठेविली ती फक्त नखी.