पांढरी टोपरी आणि पक्षाची कचेरी

या अंकासाठी आलेल्या कवितांचा गठ्ठा अक्कलकुव्याच्या एसटी स्टँडवर बसून वाचला. मोलगीची गाडी दोन तास आली नाही, म्हणून दोनदा वाचला. चार कवितांत कु क्लक्स क्लॅन आहे. पांढरी टोकदार टोपरी, जळता क्रूस, झाडाला टांगलेला काळा माणूस. आणि चारही कवितांत शेवटी तो झगेवाला आपल्या गावच्या पाटलाच्या वाड्यात शिरतो.

मित्रांनो, राग खराय. आपण पँथर हे नावच तिकडून आणलं, तेव्हा तिकडं बघायला माझी ना नाही. पण प्रतिमा उसनी आणलीत ती अर्धीच. सिनेमात दिसतं तेवढंच उचललंत.

सिनेमाचंच घ्या. क्लॅनला तारणहार करणारा 'द बर्थ ऑफ अ नेशन' १९१५चा. तो खुद्द व्हाइट हाऊसमध्ये दाखवला गेला, डेमोक्रॅटिक पक्षाच्या विल्सनसाठी. बाबासाहेब तेव्हा न्यूयॉर्कात शिकत होते. त्याच वर्षी मोडलेला क्लॅन पुन्हा उभा राहिला. १९२४ला न्यूयॉर्कातच डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं. क्लॅनचा नाव घेऊन निषेध करा, एवढाच ठराव होता. तो जेमतेम एका मतानं पडला. झुंडशाहीचा निषेध चालेल, झुंडीचं नाव नको! असली सभा आपण कुठं बघितलीच नाही, नाही का?

आणि लुइझियाना. तिथं १८९६ला एक लाख तीस हजारांवर काळे मतदार होते. १९०४ला उरले १,३४२. हे टोपरीवाल्यांनी नाही केलं. ते १८९८च्या राज्यघटनेनं केलं. लिहिता येत नाही, मालमत्ता नाही, तर मत नाही. मात्र १८६७च्या आधी ज्याचा बाप किंवा आजा मतदार होता त्याला सूट. गुलामाचा आजा कुठला मतदार? पुढं पक्ष बदलले. १९८९ला क्लॅनचा माजी पुढारी डेव्हिड ड्यूक त्याच लुइझियानात आमदार झाला, रिपब्लिकन म्हणून, वरच्या नेत्यांचा विरोध असून. (आपल्या रिपब्लिकनशी गल्लत नको.)

आता इकडं या. १९७४. मध्य मुंबईची लोकसभा पोटनिवडणूक. काँग्रेसचे रामराव आदिक उभे, पाठीशी शिवसेना. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांवरून लोक तिला 'वसंतसेना' म्हणून हिणवत. ५ जानेवारीला वरळीत पँथरच्या सभेवरून दंगल पेटली. १० जानेवारीला मोर्चात भागवत जाधव मारला गेला. दलितांनी बहिष्कार टाकला, आदिक पडले, रोझा देशपांडे निवडून आल्या. शिवसेना म्हणजे क्लॅन, असं लिहून मोकळं व्हायला मी तयार नाही. आपलीही पोरं तिच्यात गेली, आणि २०११ला रामदास आठवल्यांचा पक्ष तिच्या युतीत जाऊन बसला. ही गुंतागुंत टोपरीत मावत नाही. प्रश्न विचारायचा तो असा: झुंड कुणाला हवी होती, आणि कुठल्या मतदानाआधी?

एका कवीला मी विचारलं, पाटीलवाडी माहितीय का? म्हणाला, मिसिसिपी माहितीय. तळोदा ओलांडलं की शहादा, त्या तालुक्यातली पाटीलवाडी! मे १९७१मध्ये तिथं सधन शेतकऱ्यांच्या बंदुका चालल्या, भिल्ल मेला. कुणाच्याच डोक्यावर टोपरं नव्हतं. पीक राखायच्या नावानं रखवालदार ठेवायचे आणि चोरीच्या संशयावरून भिल्लाला बडवायचं, हे आधीपासून चालू होतं. अंबरसिंग महाराज त्याच्याविरुद्ध उभे राहिले. सोसायटी त्यांचीच, पंचायत त्यांचीच, सत्ताधारी पक्षाची तालुक्यातली खुर्चीही त्यांचीच. आपल्या कवितेत यातलं काय आलं? मी धरून सांगतो, माझ्याही जुन्या कवितेत क्लॅनच होता. टाळ्या पडल्या होत्या.

तीन कविता परत पाठवतोय. चौथीत तिकीटवाटपाच्या रात्रीची एक ओळ आहे, जीपमधून उतरणाऱ्या दोन माणसांची. दोस्ता, ती ओळ ठेव. बाकीचं पुन्हा लिही, आणि त्या दोघांची नावं गाळू नकोस.