कुंडीतलं बेट

नर्सरीत त्याला ‘रॅफिस’ म्हणतात, कुणी ‘लेडी पाम’. जपानी माणसानं मात्र त्याचं नाव ठेवलं ‘कान्नोन-चिकु’, आणि मला विचाराल तर या झाडाचं सर्वांत चांगलं रसग्रहण त्या दोन शब्दांत होऊन गेलेलं आहे. चिकु म्हणजे बांबू. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हाती कमळ घेऊन, मान कलती ठेवून उभा आहे, तोच. पूर्वेकडे जाता जाता त्याचं रूप पुष्कळदा स्त्रीचं झालं, करुणा तीच राहिली.

शास्त्राच्या हिशेबात हे नाव चूक आहे. बांबू गवताच्या कुळातला, हे झाड माडा-पोफळीच्या. पण शास्त्रीय नाव तरी काय सांगतं? ‘ऱ्हापिस एक्सेल्सा’. ऱ्हापिस हा ग्रीक शब्द, अर्थ सुई. एक्सेल्सा म्हणजे उंच. हा ‘उंच’ थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाचा. जपानात राहून आल्यावर १७८४ साली त्यानं तिथल्या वनस्पतींवरचा ग्रंथ काढला, त्यातून तो आला. ताडामाडाच्या गोतावळ्यात हे झाड म्हणजे अगदीच धाकटं. जमिनीत लावलं तरी माणसाच्या दुपटीवर फारसं जात नाही, कुंडीत तर वर्षानुवर्षं छातीशीच राहतं. आणि सुईचं म्हणाल, तर पानाचं टोक बोटानं चाचपून पाहा. ते सुईसारखं नाहीच. प्रत्येक पाकळी टोकाशी बोथट, कातरीनं आडवी कापावी तशी, आणि त्या कापावर बारीक दाते. ताडगोत्रातल्या पुष्कळ पानांची टोकं बोचतात. हे पान हाताला लागत नाही.

पान म्हणजे उघडा पंजा. पाच-सहा, कधी आठ-दहा बोटं, प्रत्येकावर उभ्या चुण्या, काळसर हिरवा तुकतुकीत रंग. क्योतोच्या सांजुसांगेन्दो मंदिरात सहस्रभुज कान्नोनच्या १००१ मूर्ती आहेत. खांद्यांमागून पसरलेल्या त्या हातांची छायाचित्रं पाहिल्यापासून मला हे झाड नुसतं झाड दिसत नाही. दहा-बारा काठ्या, प्रत्येकीवर पाच-सात पंजे, आणि गंमत अशी की एकाचा दुसऱ्याला धक्का नाही. मधल्या फटींतून पलीकडची भिंत दिसते. गर्दीत एवढी मोकळीक ठेवणं फार थोड्या झाडांना साधतं.

आता बांबू. खोडाभोवती तपकिरी काथ्याची जाळी असते, आडव्या-उभ्या धाग्यांची, गोणपाटासारखी. नवीन असताना मला तो मळ वाटला होता. एका रविवारी बुडाकडची जुनी सुटलेली जाळी हलक्या हातानं सोलत गेलो, आणि आतून करंगळीएवढी हिरवीगार काठी निघाली, गुळगुळीत, ठरावीक अंतरावर गळून गेलेल्या पानांच्या खुणांची कडी असलेली. पेरंच ती, अगदी बांबूची! त्या दिवशी मला जपानी नाव पटलं.

खरं साम्य त्याहून खाली, मातीत आहे. माडाला शेंडा एकच. तो गेला की माड गेला. इथंही छाटलेली काठी पुन्हा फुटत नाही, तिचा जीव शेंड्यातच. पण मातीखाली आडवं खोड सरकत असतं आणि त्यातून नवे कोंब वर येतात. मराठीत बांबूच्या अशा घोळक्याला ‘बेट’ म्हणतात. माझ्या मते ‘रॅफिसचं बेट’ असंच म्हणायला हवं. ‘झाड’ हा शब्द त्याला एकवचनी पडतो.

हे बेट सांभाळताना घाई चालत नाही. एका काठीला वर्षात मोजकीच नवी पानं येतात, म्हणून एक पान बिघडलं तरी ते दुखणं फार काळ डोळ्यांसमोर राहतं. एका एप्रिलमध्ये मी कुंडी हौसेनं पश्चिमेच्या गॅलरीत नेली. आठवड्यात काळसर हिरवा रंग उतरून पिवळट झाला, आणि नवी पानं येईपर्यंत तो तसाच राहिला. त्याला हवा उजेड, ऊन नव्हे. माती निथळणारी, पाणी वरची माती सुकल्यावर. क्षार फार असलेल्या पाण्यानं टोकं करपतात, म्हणून पावसाचं पाणी मी बादल्यांत धरून ठेवतो. पानांच्या मागच्या बाजूला कोळी किंवा खवले कीड दिसली तर ओल्या फडक्यानं एकेक बोट पुसायचं. या कामाला वेळ लागतो, पण पान वाचून होतं ते याच वेळात.

जपानात याच्या बुटक्या आणि पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या कितीतरी जाती नावानिशी जपल्या आहेत. एकीचं नाव ‘कोबान’, जुन्या लांबट गोल सोन्याच्या नाण्यावरून. दुसरीचं ‘दारुमा’, म्हणजे आपल्याकडून गेलेला बोधिधर्म. माझ्याकडचं साधं हिरवंच आहे, आणि मला तेच आवडतं. पट्ट्यांकडे नजर गेली की पंजाचा घाट मागे पडतो.

गेल्या मृगात बेट दोन केलं. कुंडी आडवी करून गड्डा काढला, मुळं इतकी गुंतली होती की करवतीचं पातं लागलं. मुळांसकट चार काठ्या शेजारच्या काकूंना दिल्या. त्यांच्याकडे ते तीन महिने नुसतं उभं होतं. दसऱ्याच्या आसपास त्यांनी हाक मारली. कुंडीच्या अगदी कडेला, मातीला चीर पाडून, जाळीत गुंडाळलेलं एक टोक वर आलं होतं, बोटाच्या पेराएवढं.