मांडवांतले रसिक

थंडीचे दिवस आले कीं महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं संगीत-महोत्सवांचे मांडव उभे राहूं लागतात. १९५२ सालीं सवाई गंधर्व निवर्तले आणि पुढच्याच वर्षीं पंडित भीमसेन जोशी यांनीं आपल्या गुरूच्या स्मरणार्थ पुण्यास उत्सव सुरू केला. २०११ सालीं भीमसेनही गेले, आणि त्यानंतर उत्सवाच्या नांवांत गुरूशेजारीं शिष्याचें नांव जोडलें गेलें. आज जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गांवींही दोन-तीन दिवसांचे लहानमोठे महोत्सव भरत असतात. गेलीं तीस वर्षें आम्ही या मांडवांची वारी नेमानें करीत आलों आहों. तेव्हां त्यांच्या गुणदोषांविषयीं दोन शब्द लिहिण्यास हरकत नसावी.

प्रथम गुण पाहूं. दरबारांत आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत वाढलेली ही विद्या मांडवांत आली, हा लाभ लहान नव्हे. भारतीय बैठकीच्या तिकिटावर कारकून, शाळामास्तर आणि शेजारच्या खेड्यांतून एस्. टी. नें आलेला शेतकरी हे एका सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसतात. घरीं यंत्रावर हवें तें गाणें हव्या त्या वेळीं ऐकतां येतें हें खरें. परंतु समेवर हजार माना एकदम हलतात, त्या क्षणाचा आनंद यंत्र देऊं शकत नाहीं.

आतां दोष. एका गांवीं आम्हीं घड्याळ लावून पाहिलें. दीपप्रज्वलन, स्वागत, शाल-श्रीफळ आणि प्रायोजकांचे आभार यांत पन्नास मिनिटें गेलीं. नंतर आलेल्या गायकास चाळीस मिनिटें मिळालीं! चाळीस मिनिटांत विलंबित ख्याल फुलावा कसा? बिचाऱ्यानें दोन आवर्तनांतच आलाप आटोपता घेतला आणि तानांचा पाऊस पाडला. टाळ्या भरपूर पडल्या. राग मात्र दाराशींच उभा राहिला.

या घाईचें खापर पुष्कळ जण ध्वनिप्रदूषणाच्या नियमांवर फोडतात. २००० सालच्या त्या नियमांप्रमाणें उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्रीं दहा वाजतां बंद करावे लागतात. वर्षांतून फार तर पंधरा दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊं शकतें, आणि त्यांतले बरेचसे दिवस गणेशोत्सव-नवरात्रांतच संपतात. त्यामुळें रात्रभर चालणाऱ्या मैफली मांडवांतून गेल्या. ऐन मध्यरात्रींचा मालकंस आणि पहांटेचा ललत त्यांच्या वेळेवर ऐकण्याचा योग दुर्मिळ झाला. याचें दुःख आम्हांसही आहे. परंतु शेजारच्या घरांत आजारी माणूस असतो, परीक्षेचा विद्यार्थी असतो; त्यांची झोप मोडून आमची रसिकता पोसावी, असें आम्हांस म्हणवत नाहीं. नियमानें रात्र घेतली असेल. संध्याकाळ तर आमचीच आहे. भाषणें दहा मिनिटांत उरकून पत्रिकेंतला एक कलावंत कमी केला, तर उरलेल्यांस तास-दीड तास सहज मिळेल.

इतकें लिहून थांबलों असतों तर संयोजकांस उपदेश केल्याचें समाधान आम्हांस लाभलें असतें. परंतु दोन वर्षांपूर्वींची एक गोष्ट सांगितल्यावांचून हें टिपण प्रामाणिक होणार नाहीं. अशाच एका महोत्सवांत दुपारीं चार वाजतां एका तरुण गायिकेचें गाणें होतें. नांव अपरिचित. आम्ही स्नेह्यांसह उठून चहा-भज्यांच्या दुकानाशीं गेलों आणि हल्लींच्या श्रोत्यांस गाण्याची चाड उरली नाहीं, या विषयावर मोठ्या आवेशानें बोलूं लागलों. इतक्यांत मांडवांतून मुलतानीचा गंधार आला. तीव्र मध्यमाला टेकून, किंचित् आंदोलन घेत तो असा उतरला कीं हातांतला पेला हातांतच राहिला. आम्ही धांवत परतलों. पण आमची जागा गेली होती. कनातीच्या बांबूस टेकून शेवटचीं दहा मिनिटें काय तीं ऐकलीं. गाणें संपलें तेव्हां शेजारचे एक वृद्ध गृहस्थ टाळी वाजवावयाचेंही विसरले होते.

त्या गायिकेस संयोजकांनीं पुरा तास दिला होता. त्यांतलीं पन्नास मिनिटें आम्हीं कापलीं. ज्यांस आम्ही नांवें ठेवीत होतों, ते श्रोते सतरंजीवर बसून होते आणि रसिक म्हणविणारे आम्ही भज्यांपाशीं उभे होतों!

महोत्सवांचे दोष आम्ही यापुढेंही दाखवूं, कारण ते दाखविलेच पाहिजेत. मात्र येत्या हंगामांत पत्रिकेवरचें पहिलें अपरिचित नांव उच्चारलें जाण्यापूर्वीं आम्ही आमच्या जागेवर बसलेले असूं. चहा काय, मध्यंतरांतही मिळतो.