बोलणारे प्राणी

नागपूरचे रोहन चक्रवर्ती शिकले दंतवैद्यक. २०१० पासून मात्र ‘ग्रीन ह्यूमर’ ही वन्यजीवांवरची चित्रमालिका ते स्वतः रेखाटून इंटरनेटवर देऊ लागले. तिच्यातले प्राणी माणसासारखे बोलतात, हे आम्हांला आधी खटकले. पण चोच, ठिपके, शेपटी अशी सांभाळलेली, की जात चटकन ओळखू येते. (शालेय तक्त्यांबद्दल असे नेहमी म्हणता येत नाही!)

आमची तक्रार वेगळी आहे. विनोद संपतो तिथे ‘का?’ राहून जातो. न्हावा शेव्याला, १९८९ साली सुरू झालेल्या बंदराच्या आसपासच्या खाजणांत, निवटी ओहोटीच्या चिखलावर उड्या मारते. मासा असून पाण्याबाहेर ती श्वास कसा घेते? ओल्या त्वचेतून, आणि कल्ल्यांपाशी साठवलेल्या पाण्याच्या मदतीने. तुमच्या वर्गाने निवटीची मालिका काढली, तर हे कोणत्या चौकटीत, कोणाच्या तोंडी घालाल?