नंगारा दिसतो, बोली ऐकू येते का?

(वाशिम येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



२०२४च्या ऑक्टोबरचा पहिला आठवडा आठवा. ३ तारखेला केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. ५ तारखेला आपल्याच जिल्ह्यात, मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला, पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. दोन्हींचा आनंद आपण वेगवेगळा साजरा केला. मला आज या दोन घटना एकमेकींशेजारी ठेवून बघायच्या आहेत.

अभिजात म्हटलं की नाणेघाटाचं नाव निघतं. वाशिमचं निघत नाही, आणि हे आपलंच दुर्लक्ष. हे गाव म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, वत्सगुल्म. इथं १९३९ साली विंध्यशक्ती दुसरा याचा चौथ्या शतकातला ताम्रपट मिळाला. त्याची गंमत बघा. राजाच्या घराण्याची थोरवी सांगायची तेव्हा भाषा संस्कृत. आणि गाव कुणाला दिलं, त्यासोबत कोणत्या सवलती दिल्या, हा कामाचा मजकूर सुरू झाला की भाषा प्राकृत! माझा अर्थ असा : मिरवायला एक भाषा, आणि ज्यावर लोकांचा हक्क उभा राहतो त्या मजकुराला लोकांची भाषा. वत्सगुल्माच्या राजांना हे कळत होतं. सर्वसेनानं तर ‘हरिविजय’ हे काव्यच प्राकृतात लिहिलं. ते आज उपलब्ध नाही, नुसतं नाव आणि इतरांनी घेतलेले उल्लेख उरलेत.

आता हीच फूटपट्टी पोहरादेवीला लावू. चार मजली इमारत, तेरा दालनं, पुढाऱ्यांची आणि चळवळीतल्या माणसांची चित्रं, वस्तू. इमारतीला आकार नंगाऱ्याचा. मला तो आवडतो, स्पष्ट सांगतो. पुतळा उभारणं सोपं होतं. इथं वाद्य निवडलं. पण वाद्य निवडलंत म्हणजे आवाजाचा प्रश्न ओढवून घेतलात!

त्याआधी इतिहासाचं थोडं. लमाण हे नावच लवणावरून, मिठावरून आलं असं मानतात. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून तांडे देशभर फिरायचे. मोगलांच्या, निजामाच्या, मराठ्यांच्या फौजा त्यांच्या रसदीवर जगल्या, आणि टिपूविरुद्ध लढणाऱ्या इंग्रजांच्यासुद्धा. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं. १८६७ला रेल्वे अकोल्यावरून नागपूरला पोचली. बैलाच्या पाठीला काम उरलं नाही. आणि चारच वर्षांत, १८७१ला, गुन्हेगार जमातींचा कायदा आला. भटकणं हाच संशय ठरला. तो कायदा १९५२ला गेला, तरी महाराष्ट्राच्या यादीत बंजारा आजही ‘विमुक्त जाती’त आहेत. विमुक्त, म्हणजे कुणाच्या तरी कैदेतून सुटलेले. संग्रहालयाला इतिहास सांगायचा असेल तर काचबिंदी लावलेल्या फेट्याफडकीइतकीच जागा या कायद्याच्या कागदालाही हवी. पोशाख बघून माणूस खूश होऊन बाहेर पडतो. कागद वाचून तसा पडत नाही, म्हणून तर तो लावायचा.

पण मला जास्त टोचते ती भाषेची गोष्ट. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला. त्यात भिल्ल बोली आणि खानदेशीच्या सोबत ‘लभाणी’ची स्वतंत्र नोंद आहे, व्याकरणासकट. ज्या राजवटीनं अशा जमातींवर पाळत ठेवली, तिच्याच दप्तरात या बोलीला स्वतःच्या नावाचं पान मिळालं. आणि आपण? २०११च्या जनगणनेत मातृभाषा लमाणी-लंबाडी सांगणारे ३२ लाखांहून जास्त आहेत, बंजारी सांगणारे आणखी १५ लाखांहून जास्त. हे दोन्ही आकडे जमा होतात हिंदीच्या खात्यात. गोरबोलीला आठव्या अनुसूचीत घ्या, ही मागणी जुनी आहे. तिच्यावर निर्णय नाही, आणि इमारत मात्र चार मजली. मला इमारतीचा राग नाही. पण स्मारक बांधलं की भाषेचं देणं फिटलं, असं जे वाटायला लागतं त्याची भीती वाटते.

लग्न झालेली मुलगी सासरी निघताना ढावलो गाते. गाते म्हणायचं, खरं तर हुंदक्यात बोलते : आईशी, भावाशी, तांड्याशी. आता सांगा, हा ढावलो काचेच्या पेटीत कसा ठेवणार? तो ऐकवावाच लागतो, आणि ऐकणाऱ्याला शब्द कळावे लागतात. तांड्यातल्या पोराला शाळेत पहिल्या दिवसापासून मराठी. घरी आजी बोलते ते कुठल्याच फळ्यावर नाही. त्या पोराची सहल पोहरादेवीला आली, तर त्याला आपली बोली निदान तिथल्या भिंतीवर लिहिलेली दिसावी. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही म्हणतात. अहो, देवनागरी आहे की! मराठीची तरी कुठं वेगळी लिपी आहे?

तुमच्यापैकी बरेच जण रामनवमीला पोहरादेवीला जातात. या खेपेला संग्रहालयात शिरलात की चित्रांकडे नंतर बघा. आधी पाट्या वाचा. मराठी, हिंदी, इंग्रजी असणारच. गोरबोली कुठल्या मजल्यावर भेटते, ते मला येऊन सांगा.