'प्रायश्चित्त', 'कफ्फारा' आणि ख्रिस्ताचे मरण

ख्रिस्ताच्या दुःखभोगाचा अर्थ काय, ह्या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेने एकच उत्तर कधी दिले नाही. ऑरिजेनला ते मरण दास्यातून सोडवणुकीचे मोल वाटले. ॲन्सेल्मने १०९८ च्या सुमारास पुऱ्या केलेल्या ग्रंथात ती देवाच्या दुखावलेल्या मानाची भरपाई ठरविली. ॲबेलार्डला तीत पाहणाऱ्याचे अंतःकरण पालटणारे प्रेम दिसले, तर कॅल्व्हिनने न्यायासनाची भाषा पत्करली. मराठी वाचकापुढे ह्यांपैकी कोणीच प्रथम येत नाही. येतो तो बायबलच्या भाषांतरातील एक शब्द: 'प्रायश्चित्त'.

धर्मशास्त्रात प्रायश्चित्त घ्यावयाचे ते पापकर्त्यानेच. अल्पवयी बालकाच्या वतीने वडिलधाऱ्याने ते करावे अशी सवलत आढळते, पण ती अपवाद म्हणूनच. तेव्हा 'ख्रिस्ताने प्रायश्चित्त केले' हे वाक्य शब्दाचा नेमका अर्थ जाणणाऱ्यालाच चकवते. त्याला वाटेल की पाप ख्रिस्ताचे होते. आणि सिद्धांताचे सारे बळ तर ख्रिस्ताच्या निष्पापतेवर उभे आहे! गोव्याच्या कॅथलिक कोंकणीत हाच शब्द 'प्राचित' ह्या रूपाने पापनिवेदनानंतर पाप्याने स्वतः करावयाच्या कृत्यासाठी रूढ आहे. तेथे तो आपल्या मूळ स्थानी राहिला. मराठी बायबलात त्याचा कर्ता बदलला.

एवढ्यावरून निवड चुकली असे म्हणणे मात्र उतावळेपणाचे होईल. पौलाच्या रोमकरांस पत्रातील 'हिलास्तेरिऑन' ह्या ग्रीक शब्दाने देवाचा कोप शमतो की पाप धुतले जाते, ह्यावर सी. एच. डॉड यांनी १९३१ मध्ये वाद उपस्थित केला आणि पापक्षालनाच्या बाजूने कौल दिला. लिऑन मॉरिस यांनी १९५५ मध्ये तो खोडून काढण्याचा यत्न केला. 'प्रायश्चित्त' हा शब्द पापावर चालतो, देवाच्या कोपावर नव्हे. शिवाय धर्मशास्त्रात राजाने द्यावयाचा 'दंड' प्रायश्चित्ताहून निराळा आहे. म्हणजे कॅल्व्हिनचे न्यायालय ह्या शब्दात मावतच नाही. मराठी भाषांतर, कळत असो वा नकळत, डॉड यांच्या पक्षाला जाऊन बसले आहे.

ही अडचण एकट्या मराठीची नव्हे. भिवंडीच्या महानगरपालिकेच्या नावातही ज्याची खूण उरली आहे त्या निजामपुऱ्याच्या परिसरात मराठीइतकीच, किंबहुना अधिक, उर्दू कानी पडते. उत्तरेकडून आलेल्या विणकरांची ती भाषा. उर्दू बायबलात येथे 'कफ्फारा' हा शब्द आहे. पण रमजानचा रोजा जाणूनबुजून मोडणाऱ्याने सलग साठ रोजे धरावे किंवा, ते न झेपल्यास, साठ गरिबांना जेवू घालावे, हा कफ्फारा त्या वस्तीत पोरालाही ठाऊक असतो, आणि तोही ज्याचा त्यानेच द्यावयाचा. कोणी कोणाचा भार वाहत नाही, हे कुराणाचे वचन त्याच्या पाठीशी आहे. ईसाला क्रुसावर मारले गेले हेही कुराण मानीत नाही. तरीही दोन्ही भाषांच्या अनुवादकांनी, परस्परांहून इतक्या भिन्न दोन धर्मशास्त्रांतून, कर्त्याला बांधलेलाच शब्द उचलला. दुसऱ्याने केलेल्या पापनिष्कृतीला तयार शब्द दोहोंपैकी एकाही शास्त्राजवळ नव्हता.

मार्काच्या शुभवर्तमानात मात्र उर्दू सरस ठरते. तेथील 'फिद्या' शब्दाला निदान मोबदल्याची छटा आहे. मराठीने 'खंडणी' योजली. मराठेशाहीच्या इतिहासात खंडणी बलवान दुर्बळाकडून वसूल करतो, आणि आजच्या वृत्तपत्रांत तर ती गुंडच मागतो. मग ख्रिस्ताकडून ती मागणारा कोण? सैतान, हे ऑरिजेनचे उत्तर. आणि ॲन्सेल्मला नेमके तेच अमान्य होते. वाचक हा प्रश्न विचारील, ह्याची कल्पना भाषांतरकारांना असावी असे वाटत नाही.

ह्या सर्वांत सुदैवी शब्द 'तारण' होय. १६१६ च्या ख्रिस्तपुराणात फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्ताला 'तारक' म्हटले, तेव्हा त्यांच्या मनात पैलतीर होता. पण सावकाराच्या वहीतले 'तारण' म्हणजे कर्जापोटी अडकवून ठेवलेली वस्तू. ॲन्सेल्मचे ऋण आणि भक्ताची नाव एकाच शब्दात अशी अन्यत्र क्वचितच भेटतील, आणि मराठी ख्रिस्ती टीकेने त्याचा अद्याप काहीच उपयोग करून घेतलेला दिसत नाही.