नागापूरचा नकाशा आणि लिंचच्या पाच गोष्टी

नागापूरवर काम करते असं सांगितलं की नगरबाहेरचे लोक हमखास संत्र्यांचा विषय काढतात. तर आधी एक काना. नागपूर नाही, नागापूर. नगर शहराच्या उत्तरेला, मनमाड रस्त्यावर, सीनेच्या पुलाजवळचं. पुढे एमआयडीसी आणि मग विळद घाट. (2024 मध्ये नाव अहिल्यानगर झालं, हे मला माहीत आहे. पण मी ज्यांच्याशी बोलते ते 'नगर'च म्हणतात, म्हणून इथे तेच ठेवलंय.)

आजची पोस्ट एका पुस्तकाशी भांडण आहे. शहरावर पीएचडी करणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पहिल्या वर्षीच केव्हिन लिंचचं 'द इमेज ऑफ द सिटी' दिलं जातं. 1960 सालचं, दोनशे पानांच्या आतबाहेरचं, आणि खरंच वाचनीय. लिंचने बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस अशी तीन शहरं घेतली. तिथल्या रहिवाशांना त्याने सांगितलं, तुमच्या शहराचा कच्चा नकाशा काढा. घरापासून कामावर कसे जाता ते सांगा. वाटेत काय काय लक्षात राहतं ते सांगा. या सगळ्यातून त्याने पाच गोष्टी काढल्या. मार्ग, कडा, भाग, चौक किंवा गाठी, आणि खुणा. माणसाच्या डोक्यातलं शहर या पाच गोष्टींनी बनतं आणि ज्या शहरात त्या ठसठशीत असतात ते शहर 'वाचता' येतं, असं त्याचं म्हणणं.

आज हे साधं वाटतं. त्या काळी ते धाडसाचं होतं. शहर कसं आहे हे नियोजनकाराने वरून बघून ठरवायचं, अशी रीत होती. लिंचने ते रस्त्यावरून चालणाऱ्याला विचारलं. त्यामुळे पुढे जे लिहितेय ते त्याचं ऋण मान्य करून.

जुन्या नगरमध्ये लिंच अगदी खूश झाला असता. भुईकोट किल्ला आणि त्याचा खंदक ही डोळ्यात भरणारी कडा. कोट गेला तरी दिल्ली दरवाजा आणि माळीवाडा वेस शाबूत आहेत. कापड बाजार म्हटलं की भाग कळतो. आणि लांबून दिसणारी खूण म्हणाल तर डोंगरावरचा चांदबिबी महाल. (नाव चांदबिबीचं, कबर सलाबतखानाची. पण खूण म्हणून काम चोख करतो.) नगरच्या वास्तूंबद्दल जे काही लिहिलं-बोललं जातं ते याच चार-पाच ठिकाणांभोवती फिरतं. निजामशाही, फराहबाग, खापरी नळ. त्यात चूक काही नाही. पण निजामशाहीपासून निघालेली ही गाडी सावेडीपर्यंतसुद्धा क्वचित येते. नागापूर तर दूरच राहिलं.

मग नागापुरात लिंच काय करणार? त्याच्या पुस्तकातल्या जर्सी सिटीकडे मी याच आशेने गेले होते. जर्सी सिटी ही न्यूयॉर्क आणि नेवार्क यांच्या मधली. रेल्वेमार्ग आणि उंच महामार्ग तिला चिरत जातात. राहण्यापेक्षा ओलांडून जाण्याची जागा. तिथल्या लोकांना स्वतःच्या शहरातलं लक्षात राहण्यासारखं फार काही सांगता येईना. अनेकांनी पलीकडे दिसणाऱ्या न्यूयॉर्कच्या उंच इमारतींकडे बोट दाखवलं. लिंचचा निष्कर्ष असा की या शहराची प्रतिमा फिकट आहे.

राहुरी, शिर्डीकडे जाणाऱ्याला नागापूर असंच दिसतं. ट्रक, टपऱ्या, कंपन्यांच्या भिंती, पूल, परत ट्रक. मीही पहिल्या प्रकरणाच्या मसुद्यात 'फिकट प्रतिमा' असं लिहून टाकलं होतं. गाइडनी समासात एक प्रश्नचिन्ह काढून परत दिलं.

ते प्रश्नचिन्ह सोडवायला मी पहिल्यांदा कागद-पेन्सिल घेऊन गेले तेव्हा दुपारची शिफ्ट सुटत होती. चहाच्या टपरीवर एका काकांना म्हटलं, तुमच्या नागापूरचा नकाशा काढून द्याल का? त्यांनी मनमाड रस्त्याची एक उभी रेघ मारली, सीनेची वाकडी रेघ मारली आणि पेन्सिल थांबवून विचारलं, "कुणाची हद्द दाखवू?"

मला प्रश्नच कळला नाही. ते समजावून सांगू लागले. जुनं नागापूर आणि बोल्हेगाव महापालिकेत. नवनागापूरला ग्रामपंचायत. कंपन्यांचा भाग एमआयडीसीचा, तिथे नियोजनाचा अधिकारही त्यांचाच. आणि या सगळ्यांमधून जाणारा महामार्ग, त्याचं खातं आणखी वेगळं. तोवर शेजारचे दोघं-तिघं वाकून बघायला लागले होते. एकाने पेन्सिल घेऊन रेघ सरकवली. दुसरा म्हणाला, "ती मोरी आपल्यात नाय." तिसऱ्याने त्याला खोडून काढलं, कारण त्याच्या भावाच्या घराची पट्टी कुठे भरतात हे त्याला पाठ होतं. वीस मिनिटं भांडण चाललं. कागदावर लिंचच्या पाचांपैकी जेमतेम दोन गोष्टी होत्या, आणि ती माणसं आपल्या गावाबद्दल इतकं बारीक जाणत होती की मला लिहून घेता येईना.

माझा पहिला आक्षेप इथून सुरू होतो. लिंचची कडा डोळ्यांना दिसावी लागते. किनारा, भिंत, रुळ. नागापुरातली सगळ्यात पक्की कडा दिसतच नाही. एकाच गल्लीत दोन घरांच्या मधून ती जाऊ शकते. घरपट्टीची पावती कोणाची, नळ कोणाचा, घंटागाडी कुठवर येते आणि कुठून परत फिरते, खांबावरचा दिवा बंद पडला तर कोणत्या दारात जायचं, यावरून ती ओळखायची. तक्रारीच्या आधी हद्द ठरवावी लागते. शहर 'वाचता येणं' म्हणजे लिंचच्या मते वाट न चुकणं. इथे वाट कोणीच चुकत नाही, रस्ता एकच आहे. चुकतं ते ऑफिस.

सीनेचंही तसंच. लिंचच्या यादीत नदी म्हणजे कडा, विषय संपला. पण सीनाकाठी प्लॉट घेतलेल्या माणसाशी बोला, तो पाण्याच्या काठाबद्दल बोलणार नाही, निळ्या रेषेबद्दल बोलेल. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदाची लाल. जमिनीवर कुठेही आखलेली नसते. बहुतेक वर्षं नदीत पाऊलभर पाणी असतं. तरी बांधकामाची परवानगी, बँकेचं कर्ज, मुलीच्या लग्नासाठी प्लॉट विकता येणार की नाही, हे सगळं त्या न दिसणाऱ्या रेषेवर ठरतं. याला फिकट प्रतिमा म्हणायचं?

खुणांबाबत मात्र लिंच इथे बऱ्यापैकी टिकतो. पत्ता सांगताना लोक कंपनीचं गेट सांगतात. गंमत अशी की खूण पाटीपेक्षा जास्त जगते. एल अँड टीचा स्विचगिअरचा धंदा 2020 मध्येच श्नायडरकडे गेला, पण तोंडी पत्त्यात अजून एल अँड टीच आहे. ज्यांनी तिथे हयात घालवली त्यांच्यासाठी ती खूण नुसती दिसण्याची नाही. लिंच अर्थाला मुद्दाम बाजूला ठेवतो, फक्त आकार बघतो. हा आक्षेप जुना आहे आणि त्याने स्वतः पुढे मान्यही केला. त्यावर मी जास्त वेळ घालवत नाही.

दुसरा आक्षेप पद्धतीवर, आणि माझ्या दृष्टीने तो जास्त महत्त्वाचा. लिंच एकेका माणसाला वेगळा बसवतो. बॉस्टनमध्ये सुमारे 30 जण, बाकी दोन शहरांत 15-15. बहुतेक नोकरदार, व्यावसायिक, वरच्या पदांवरचे. हेही त्याने लपवलेलं नाही. मग सगळ्यांचे कागद एकावर एक ठेवून त्यातून तो 'सार्वजनिक प्रतिमा' काढतो. म्हणजे सार्वजनिक ही एक बेरीज. टपरीवर मी पाहिलं ते बेरजेसारखं नव्हतं. काकांचा नकाशा एकटे असताना वेगळा झाला असता. इथला नकाशा दुसऱ्याने खोडल्यावरच तयार होतो. चारही जणांना एकेकटं विचारलं असतं तर प्रत्येकाकडून मला दोन रेघा मिळाल्या असत्या आणि मी पुन्हा 'फिकट' लिहिलं असतं.

लिंचचाच सहकारी डोनाल्ड ॲपलयार्ड याने व्हेनेझुएलातल्या सिउदाद ग्वायाना शहरात असेच नकाशे काढून घेतले. फक्त बसने फिरणाऱ्यांचे नकाशे तुटक आले, गाडीवाल्यांचे सलग. नागापुरात पॅगोने जाणारी बाई आणि कंपनीच्या बसने जाणारा माणूस यांचेही नकाशे वेगळे निघतील. पण त्या बाईला नकाशा येत नाही असा अर्थ काढण्याआधी मी तिला शेजारणीबरोबर बसवून बघेन.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर आता विकास आराखड्याकडे या. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966. कलम 26 प्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचना मागवतात, मुदत 30 दिवस. मग कलम 28 प्रमाणे नियोजन समिती हरकतदारांना ऐकते. कायदा म्हणतो, हरकत कोणीही घेऊ शकतो. कोणीही, म्हणजे भाडेकरूसुद्धा. पण व्यवहारात हरकतीचं पहिलं वाक्य गट नंबराने सुरू होतं. 'माझ्या गट नंबर अमुकवर आरक्षण टाकलं आहे, ते उठवावं.' ज्याच्याकडे उतारा आहे त्याला हे वाक्य येतं. एमआयडीसीत कामाला असलेला, नागापुरात दहा बाय दहाच्या खोलीत भाड्याने राहणारा मुलगा काय लिहिणार? रात्रपाळीहून येताना कडेने चालायला जागा नाही, मागून ट्रक येतो, हे त्याचं म्हणणं. त्याला गट नंबर नाही. त्यातली साइडपट्टी महामार्गाची, दिवा दुसऱ्याचा, आणि तो राहतो तिसऱ्याच्या हद्दीत. ज्या एका प्राधिकरणाचा आराखडा, त्याच्या हद्दीपुरतीच हरकत. त्याचा रोजचा रस्ता कुठल्याच एका आराखड्यात पूर्ण मावत नाही.

आणि सुनावणी? एकेकाला बोलावून. लिंचचीच पद्धत. माणूस एकटा, समोर टेबल, टेबलावर नकाशा. टपरीवर ज्याने रेघ सरकवली तो या खोलीत नसतो.

इथे एक विचित्र गोष्ट पुढे येते. ज्याला आपण 'अजून गाव' म्हणतो त्या नवनागापूरला कायद्याने ग्रामसभा आहे. मतदार यादीतला प्रत्येक जण तिचा सभासद. उठून सरपंचाला विचारू शकतो, समोर शंभर माणसं ऐकत असतात. हद्द ओलांडून 'शहरात' आलात की अशी सभा नाही. तीन लाखांवरच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात असं 74वी घटनादुरुस्ती सांगते. 2011 च्या जनगणनेत नगर साडेतीन लाखांचं होतं. पण प्रभाग समिती ही मुख्यतः नगरसेवकांची, रहिवाशांची नव्हे. त्यात डिसेंबर 2023 मध्ये इथल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची दोन वर्षं प्रशासक होते. म्हणजे त्या काळात गटारीबद्दल चारचौघांत जाब विचारण्याची सोय गावाला होती, शहराला नव्हती. नागरीकरण झालं की सहभाग वाढतो असं आमच्या पाठ्यपुस्तकात असतं.

ग्रामसभेचं कौतुक करायला मी बसलेली नाही. कोरम नसतो, बायका मागे बसतात, आणि खोलीतल्या त्या मुलाचं नाव बीडच्या कुठल्याशा गावच्या मतदार यादीत असतं, म्हणून तो तिथेही सभासद नाही. शिवाय ग्रामसभेच्या हातात आराखडा नसतो. तरी एक गोष्ट तिथे असते. एकाने सांगितलेलं दुसरा सगळ्यांसमोर खोडू शकतो.

लिंचने पुस्तकानंतर वीसेक वर्षांनी मागे वळून लिहिलेला एक छोटा लेख आहे. त्यात तो बऱ्यापैकी खट्टू दिसतो. लोकांना विचारा हे सांगण्यासाठी केलेलं काम, पण नियोजनकारांनी त्यातली पाच नावं तेवढी उचलली, आराखडे त्यांनी सजवले आणि लोकांकडे जायचंच सोडून दिलं, अशी त्याची तक्रार. हा लेख मी पुस्तकाच्या आधी वाचायला हवा होता. आमच्या अभ्यासक्रमात फक्त पुस्तक आहे.

तर आता मी माझी प्रश्नावली बदलली आहे. 'नकाशा काढा' हे शेवटी. आधी विचारते, 'तुमच्या दारासमोरचा दिवा बंद पडला तर कोणाला सांगता?' आणि एकट्याला विचारत नाही. त्या पहिल्या दिवसाचा कागद अजून माझ्याकडे आहे. त्यावर चहाचा डाग आहे, मनमाड रस्ता दोनदा गिरवलाय, आणि मोरीभोवती तीन वेगवेगळे गोल आहेत. परवा पुन्हा गेले होते. ती मोरी कोणाची, ते अजून ठरलेलं नाही.